शिष्टीमची मालकीण

गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी उकंडरावांच्या संत्र्यांचा ट्रक आमच्या गेटबाहेर पडला.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. आनंदाच्या भरात आधी लिहिलं गेलं. ट्रक गेटच्या आतच उभा आहे, वार मंगळवार आहे, उकंडराव मागच्या चाकाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेत आणि मी त्यांना सांगतोय, "काका, फक्त पाच मिनिटं."

ही पाच मिनिटं मी त्यांना सकाळी दहाला सांगितली होती. अकराला त्यांनी खुर्ची आणली. बाराला डबा उघडला. एक वाजता मला बोलावून म्हणाले, "साहेब, तुमचे पाच मिनिटं निंघाले तं सांगजा, मी जरा पडतो."

आमची संस्था म्हणजे पायथा फळबागायतदार उत्पादक कंपनी, संग्रामपूर. मागे सातपुडा, पुढे गेट, मधे संत्री. मी इथला सिस्टीम इनचार्ज. हे पद माझ्यासाठीच निर्माण झालं, पण मला त्यावर कायम केलेलं नव्हतं. माझं प्रोबेशन चालू होतं, आणि प्रोबेशनवरचा माणूस कसा चालतो ते तुम्हाला माहीतच असेल: भिंतीच्या कडेकडेनं.

आमचं सॉफ्टवेअर फार मोठ्या कंपन्यांसाठी बनवलेलं आहे. आमच्या अध्यक्षांना लहान काही दाखवलेलं आवडत नाही, म्हणून ते घेतलं. त्यात जहाजांचा वेगळा विभाग आहे. संग्रामपूरला जहाज येत नाही. तरीही ते रोज सकाळी मला विचारतं, "आजचं बंदर कोणतं?" मी रोज "लागू नाही" असं लिहितो, आणि ते रोज "धन्यवाद" म्हणतं. ऑफिसात इतक्या आदरानं माझ्याशी दुसरं कोणी बोलत नाही. सगळे त्याला 'शिष्टीम' म्हणतात आणि घरात सासुरवाडीचा माणूस मुक्कामाला असल्यासारखे त्याच्यापुढे दबकून वागतात.

तर या शिष्टीमचं घड्याळ साडेपाच तास मागे होतं. ते पहिल्यापासून इंग्लंडच्या वेळेवर लावलेलं. ट्रक दुपारी चारला निघाला, तर गेटपासवर छापून यायचं सकाळचे साडेदहा. कोणाचंच काही अडत नव्हतं. अडलं ते कडूबाचं. कडूबा आमचा ट्रक ड्रायव्हर. त्याच्या बायकोनं एकदा त्याच्या खिशात गेटपास पाहिला.

"ते म्हनते, साडेदहाले निंघाला तं मधले साडेपाच तास कोठी होता?" कडूबा माझ्या टेबलाशी उभा राहून सांगत होता. "मी म्हनलं, मशीनचं घड्याळ चुकलं. ते म्हनते, एवढ्या मोठ्या मशीनचं चुकते अन् तुह्यं बरोबर असते? साहेब, चार दिवस झाले, भाजीत मीठ नाही हो."

मला दया आली. मी सेटिंग उघडलं, इंग्लंडची वेळ काढली, भारताची टाकली. एक क्लिक. एवढंच केलं मी. पुढचं सगळं शिष्टीमनं केलं.

पडद्यावर लाल चौकट आली. तिचा आशय असा, की आपलं घड्याळ अचानक साडेपाच तास पुढे गेलं आहे. आपण भविष्यकाळातून गेटपास काढत असल्याचा संशय आहे. सबब सर्व गेटपास बंद करण्यात येत आहेत. संस्थापकांनी ठसे घेणाऱ्या मशीनवर अंगठा देऊन खात्री करावी. मी घड्याळ परत मागे नेलं. दुसरी चौकट आली, की आता आपण भूतकाळात पळून जात आहात.

ट्रकमध्ये उकंडरावांची संत्री भरून झाली होती. आता हा उकंडराव काय माणूस आहे ते सांगायला हवं. पाच वर्षांपूर्वी त्यांनी पांढऱ्या खडकाळ रानात तीनशे संत्र्याची झाडं लावली. भावकी हसली. पाच वर्षं त्यांनी एकही फळ विकलं नाही, नुसती झाडं वाढवली. हा त्यांचा पहिला बहार. सोमवारी तोडलेल्या मालातलं पहिलं संत्रं त्यांनी देवापुढे ठेवलं आणि दुसरं आणून मला दिलं. मी ते खाल्लं. आता मार्चच्या उन्हात ताडपत्रीखाली बाकीची तापत होती. गुरुवारी संध्याकाळपर्यंत गाडी निघाली तर बाजारात संत्री पोचणार, त्यानंतर नुसता वास. आणि गेटपासवरचा चौकोनी कोड स्कॅन झाल्याशिवाय नागपूरचा खरेदीदार ताडपत्रीची दोरीसुद्धा सोडू देत नाही. हातानं लिहिलेली चिठ्ठी त्याला चालत नाही. रडून पाहिलेलं आहे.

मॅनेजर अनंत सर धावत आले. "प्रज्वल, तुम्हाला घड्याळाला हात लावायला कोणी सांगितलं?"

"कडूबाच्या भाजीत मीठ नाही, सर."

या उत्तरानं माझं प्रोबेशन सुधारलं असं मला वाटत नाही. सरांनी लाल चौकट वाचली, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "संस्थापक म्हणजे मीच असणार." त्यांनी अंगठा ठेवला. मशीन म्हणालं: आपण संस्थापक नाही. सरांनी अंगठा शर्टाला पुसून परत ठेवला. मग डावा. मग, माणसाचा स्वतःवर किती विश्वास असावा, करंगळी. तेवढ्यात अध्यक्ष आले. त्यांनी येताना वाटेतच बाही वर केली होती. मशीननं त्यांनाही तेच सांगितलं, चार वेळा. त्या दिवशी आमच्या ऑफिसात दोन माणसांना आपण कोण नाही हे कळलं. आणि लाल चौकटीखाली एक बारीक ओळ आली: आठ चुकीचे अंगठे झाले आहेत. दहाव्या चुकीला खातं पंधरा दिवस बंद.

मी मशीनवर रुमाल टाकला आणि पुण्याला फोन लावला.

पुण्याच्या मदत केंद्रातल्या मुलीचं नाव मधुवंती. आवाज इतका शांत की तिच्याशी बोलताना आपल्यालाच ताप आहे असं वाटावं.

"सर, आपल्या खात्याच्या संस्थापक श्रीमती जनकाबाई आहेत."

"कोण?"

"श्रीमती जनकाबाई. पद, संस्थापक आणि सर्वाधिकारी. मॅडम ऑफिसमध्ये आहेत का?"

"नाहीत. त्या बीबी गावाला गेल्यात. लेकीच्या बाळंतपणाला."

"अरे वा, अभिनंदन! मग मॅडमच्या गैरहजेरीत त्यांचं काम कोण बघतं?"

मी कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे झाडू उभा होता. गेल्या बारा दिवसांत त्याला कोणी हात लावला नव्हता.

"कोणीच नाही," मी म्हणालो. हे दिवसभरातलं माझं एकमेव खरं उत्तर.

हे असं का झालं, हे फोन ठेवता ठेवताच सगळ्यांना आठवलं, आणि सगळे एकदम छताकडे बघू लागले. गेल्या दसऱ्याला शिष्टीमचं उद्घाटन झालं. पुण्याहून आलेला इंजिनिअर आदल्या दिवशीच सगळं मांडून ठेवणार होता, पण अध्यक्ष म्हणाले, नारळ फुटल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. मग उद्घाटन कोणाच्या हस्ते? संचालक मंडळात तीन गट आहेत. तिन्ही गटांचे तीन पाहुणे. दोन बैठका झाल्या, एकीत खुर्ची मोडली. शेवटी तोडगा निघाला, की संस्थेतल्या सर्वात जुन्या कर्मचाऱ्याच्या हस्ते. जनकाबाईंनी संस्थेला छप्पर नव्हतं तेव्हापासून झाडलेलं आहे. त्यांच्याशी कुठल्याच गटाचं भांडण नव्हतं, कारण कुठल्याच गटानं त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. शाल झाली, नारळ झाला, जनकाबाईंनी मशीनवर अंगठा ठेवला.

"यानं काय होते?" त्यांनी तेव्हा विचारलं होतं.

"काही होत नाही, मावशी," अध्यक्ष म्हणाले होते. "नुसता मान आहे."

आणि शिष्टीममध्ये सर्वात आधी ज्याचा अंगठा उमटतो, तो तिचा मालक. आम्ही टाळ्या वाजवल्या. पेढे मीच वाटले.

मालक बदलायचा तर मधुवंतीला तीन संचालकांच्या सह्यांचं पत्र हवं होतं, आणि त्यानंतर कामाचे सात दिवस. तिन्ही गटांची सही एका कागदावर आमच्या संस्थेत फक्त शोकसभेच्या ठरावावर झालेली आहे. जनकाबाईंना संग्रामपूरला आणावं म्हटलं, तर लेकीचं दुसरं बाळंतपण, घरात सासूचा हात मोडलेला, आणि बाळ चार दिवसांचं. त्या फोनवर एवढंच म्हणाल्या, "मले अंगठा द्यायले टाइम नाही. लेकराचे कपडे पडले आहेत."

म्हणजे मशीनच बीबीला न्यायचं. बुधवार यातच गेला. कारण मशीन घेऊन मी गेटवर गेलो, तर वॉचमननं अडवलं. गेटपासशिवाय कंपनीची कुठलीही वस्तू बाहेर जाऊ द्यायची नाही, असा अध्यक्षांचा लेखी हुकूम. मी म्हणालो, गेटपास या मशीनशिवाय निघत नाही. तो म्हणाला, मग मशीन आतच ठेवा. मी म्हणालो, आत ठेवलं तर गेटपास निघणार नाही. तो म्हणाला, तेच तं म्हनून राह्यलो. अनंत सर आले, त्यांनी हुकूम वाचला आणि वॉचमनचं बरोबर आहे असा निर्णय दिला. सायंकाळी साडेपाचला ते मशीन कुंपणावरून उकंडरावांनी माझ्या हातात दिलं. (एवढा भाग अध्यक्षांनी वाचू नये.)

"साहेब," कुंपणापलीकडून ते म्हणाले, "मी तुमच्यावर चिडलो नाही. पन उद्या माल नाही निंघाला तं घरी काय सांगू? लोकं पाच वर्षं हासले. आता फळ आलं अन् गाडी भविष्यकायात अडकली म्हनू?"

याला मी 'पाच मिनिटं' म्हणालो नाही. याची कृपया नोंद घ्यावी.

गुरुवारी सकाळी सहाच्या गाडीनं निघालो. शेगाव, खामगाव, तिथून मेहकर, मेहकरहून बीबी. आमचा जिल्हा लांबीला किती आहे हे त्याच्या एका टोकाचं संत्रं दुसऱ्या टोकाच्या अंगठ्यावर अवलंबून असल्याशिवाय कळत नाही. मशीन मांडीवर होतं. त्याचा हिरवा दिवा बॅटरीवर लुकलुकत होता. खामगावनंतर कंडक्टरनं विचारलं, काय आहे? मी सांगितलं. त्याला वाटलं मी थट्टा करतोय, म्हणून त्यानं तिकिटासोबत मला एक रिकामी सीट दाखवून तिकडे जाऊन बसायला सांगितलं. मेहकरच्या स्टँडवर एका आजोबांनी, हे पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचं मशीन समजून, न विचारता अंगठा पुढे केला आणि "पाय बरं, आहे का जिवंत" म्हणाले. मी मशीन छातीशी धरून पळालो. दोनच चुका शिल्लक होत्या.

बीबीला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. जनकाबाईंच्या लेकीचं, प्रतीक्षाताईंचं घर गल्लीच्या टोकाला. जनकाबाई अंगणात बाळाचे लंगोट वाळत घालत होत्या.

"आला का बाबू? पानी पे आधी."

"मावशी, पाणी नंतर. अंगठा."

मी ओट्यावर लॅपटॉप उघडला, मशीन जोडलं. जनकाबाईंनी हात पुसले, अंगठा ठेवला. मशीन म्हणालं: आपण संस्थापक नाही.

एक चूक शिल्लक.

जनकाबाईंनी अंगठा उलटा करून पाहिला. चौदा दिवस कपडे, भांडी, राख, गरम पाणी. अंगठ्यावर रेघ म्हणून शिल्लक नव्हती. पुरणाच्या पोळीसारखा गुळगुळीत. "दसऱ्याले मले कोनी काम करू देल्लं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तवा बोट बरं होतं."

मी डोकं धरून ओट्यावर बसलो. वर पाहिलं तेव्हा समोर रांग होती.

चौदा बाया आणि एक म्हातारे गृहस्थ. प्रत्येकाच्या हातात रेशनकार्ड. गल्लीत कोणीतरी अंगठ्याचं मशीन पाहिलं होतं, आणि अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस येतो तो रेशनच्या कामाचाच, हे बीबीत लहान पोरालाही ठाऊक आहे.

"मी रेशनचा नाही," मी म्हणालो. "मी संत्रा कंपनीचा आहे."

रांगेच्या तोंडाशी सुभद्राबाई नावाच्या शेजारीण होत्या. बीबीकडची बोली जालन्याकडे झुकते, आणि सुभद्राबाई तर अख्ख्याच माझ्याकडे झुकल्या. "मागच्या बारीला आलेला बी आधी न्हाईच म्हणत हुता," त्या म्हणाल्या. "तुम्ही तुमचं करा, आमी थांबतो."

"अहो, माझ्याकडे गहू नाहीत, तांदूळ नाहीत. मी इंजिनिअर आहे!"

"असूं द्या हो," त्या दिलासा देत म्हणाल्या. "आमच्या दिराचं पोरगं बी इंजिनेर हाय. व्हतं कधीकधी."

माझ्या पदवीचं असं सांत्वन याआधी झालं नव्हतं. पण मग सुभद्राबाईंनी जनकाबाईंचा अंगठा पाहिला, आणि रांगेचं रूपांतर वैद्यकीय मंडळात झालं. कारण त्या रांगेतला प्रत्येक अंगठा मशीननं कधी ना कधी नाकारलेला होता. देशात अंगठ्याच्या विषयातले जाणकार कुठे असतील तर ते त्या ओट्यासमोर उभे होते.

एक म्हणाली लिंबू चोळा. दुसरी म्हणाली लिंबानं जळतं, टूथपेस्ट लावा. गृहस्थ म्हणाले अंगठा सोडा, मधलं बोट द्या, माझं तसंच झालं. तिसरी म्हणाली रात्रभर तुपात ठेवायला पाहिजे होता. मी म्हणालो, तुपात ठेवायला रात्र शिल्लक नाही, तिकडे संत्री तापतायत.

"सरका," सुभद्राबाई म्हणाल्या. "कोमट पानी आणा. भिजवा, पुसा कोरडं, मंग डोईच्या केसातून फिरवा बोट. जरासं तेल पायजे, जास्ती न्हाई. अन् तुम्ही," हे मला, "मशीन उन्हात का ठिवलंय? त्याला उन्हात दिसत न्हाई! तुमाला तरी दिसतं का? सावलीत न्या ते."

चार वर्षं मी संगणक शिकलो. सेन्सरवर थेट ऊन नको हे मला कोणीतरी शिकवलंही असेल. त्या दिवशी कदाचित मी गैरहजर होतो.

सावली फक्त आतल्या खोलीत. ती बाळंतिणीची खोली, आणि पाच-सहा दिवसांच्या बाळाजवळ परका पुरुष जात नाही. मशीनची वायर हातभर. म्हणून मांडणी अशी झाली: दाराला पडदा. पडद्याच्या आत जनकाबाई, मांडीवर नुकतंच झोपलेलं बाळ, उजव्या हाताशी मशीन. पडद्याच्या बाहेर उंबऱ्याशी मी, तोंड भिंतीकडे, मांडीवर लॅपटॉप. मधून वायर. मागे चौदा बाया श्वास रोखून.

"ठेवू का?" आतून आवाज.

"ठेवा."

लॅपटॉपवर हिरवी चौकट आली: स्वागत आहे, संस्थापक महोदया.

सुभद्राबाईंनी माझ्या पाठीत थाप मारली. ती अजून दुखते, आणि मी तिचा आजन्म ऋणी आहे.

मी 'गेटपास सुरू करा' हे बटण दाबलं. शिष्टीम म्हणाली, महोदया, आपल्याकडे एकेचाळीस अर्ज दसऱ्यापासून निर्णयाच्या प्रतीक्षेत आहेत. ते निकाली काढल्याशिवाय कुलूप निघणार नाही.

घड्याळात अडीच वाजले होते. एकेचाळीस वेळा 'मंजूर' दाबायला मला दोन मिनिटं लागली असती. मी तसं सुचवलं.

"वाचून दाखव," पडद्याआडून आवाज आला. "मले वाचता येते, पन चष्मा संग्रामपूरले राह्यला. न वाचता मंजूर कसं म्हनू? माह्यं नाव आहे त्याच्यावर."

मी वाचायला लागलो.

"मॅनेजर अनंत सर, पाच दिवसांचा अभ्यासदौरा, महाबळेश्वर."

"तिथी संत्रा होते?"

"नाही. स्ट्रॉबेरी."

"आपल्याकडे स्ट्रॉबेरी होते?"

"नाही."

"मंग कायचा अभ्यास? नामंजूर. पुढचं."

"हिशेबनीस, आजारपणाची रजा, तीन दिवस."

"आजारी नव्हता तो. साळ्याच्या लग्नाले गेल्ता, पत्रिका त्याच्या टेबलावर होती. लग्नासाठी म्हनून लिही म्हना, देतो. पोराले सुट्टी द्यायची, खोट्याले नाही."

असे निर्णय होत गेले. वाचून होताच निकाल, कोणालाही पुढची तारीख नाही. मागे रांगेतल्या बायाही हळूहळू खाली बसल्या आणि मत देऊ लागल्या. अध्यक्षांच्या केबिनच्या नव्या पडद्यांना बीबीच्या गल्लीनं एकमुखानं विरोध केला. पॅकिंगच्या बायांच्या हातमोज्यांना टाळ्या पडल्या. मग सव्विसावा अर्ज आला.

"पॅकिंग विभाग. महिला स्वच्छतागृहाच्या दाराला कडी."

पडदा जरा पुढे सरकला.

"कवाचा आहे?"

"पंधरा नोव्हेंबर."

"हे मी मॅनेजरले आठ वेळा सांगतलं," जनकाबाई सावकाश म्हणाल्या. "तो म्हने, शिष्टीममंदी टाकलं, वरून मंजुरी आली नाही. म्या म्हनलं, वर कोन आहे? तं म्हने, ते आपल्याले माहीत नसते." मग आवाज आणखी खाली आला. "बाबू, वर मीच होती का?"

"हो, मावशी."

"चार महिने आमी एकमेकीसाठी दार धरून उभ्या राह्यलो. अन् अडवून मीच बसली होती?"

मागे कोणी हसलं नाही. सुभद्राबाईंनी पदर सारखा केला.

"मंजूर," आतून आवाज आला. "दोन कड्या सांग. एक तुटली तं?"

पावणेचार वाजता उकंडरावांचा फोन आला. "साहेब, वरच्या थरातले दोन क्रेट मऊ लागून राह्यले." मी म्हणालो, चाळीस अर्ज झाले, एकच राहिला. तो एक मी मुद्दामच शेवटी ठेवला होता.

"प्रज्वल," मी वाचलं. "सिस्टीम इनचार्ज. प्रोबेशन पूर्ण. सेवेत कायम करणेबाबत."

"हा तू व्हय नं?"

"हो."

"चहाचा कप खिडकीत ठेवून देते, तो तूच नं? मुंग्या लागतात त्याले. रोज मी उचलतो."

"हो, मावशी."

"अन् घड्याळाले हात कोनासाठी लावला?"

"कडूबासाठी."

"ते चांगलं केलं. पन इचारून करा लागते." विचार चालल्याचा आवाज येत नाही, पण मला तो आला. "मंजूर, नामंजूर, अजून काय आहे त्याच्यात?"

"मुदतवाढ," मी म्हणालो. हे मी सांगायला नको होतं. "तीन महिने."

"ते दाब. वाईट नाही तू. अजून पाहू."

आता लक्षात घ्या. पडद्याच्या अलीकडे मी होतो. उंदीर, म्हणजे माउस, माझ्या हातात. 'मंजूर' आणि 'मुदतवाढ' यांच्यात बोटभर अंतर. आत चष्मा नाही. मी 'मुदतवाढ' दाबलं. का दाबलं हे मला अजून सांगता येत नाही. बहुधा पडदा पातळ होता.

कुलूप निघालं. या वेळी मावशींना विचारून मी घड्याळ भारताच्या वेळेवर आणलं. तिकडे संग्रामपूरला प्रिंटर खरखरला, तो फोनमधून ऐकू आला. मग इंजिनचा आवाज, मग कडूबाचा लांब हॉर्न.

"निंघाली!" उकंडराव ओरडले. "चार दहा! अन् कागदावर बी चार दहाच हाय!" मग जरा दम खाऊन म्हणाले, "झाले म्हना साहेब तुमचे पाच मिनिटं."

दोन क्रेट सोडले तर माल नागपूरला चांगला उतरला. त्या संध्याकाळी भावकीतलं कोणी हसल्याची माझ्याकडे माहिती नाही.

निघण्यापूर्वी रांगेतल्या सगळ्यांनी मशीनवर अंगठा ठेवण्याचा हट्ट धरला. मी सांगितलं, हा रेशनला चालणार नाही. सुभद्राबाई म्हणाल्या, न चालू द्या, वाचतो का तेवढं बघा. मी लॅपटॉपवर हजेरीच्या चाचणीचं पान उघडून दिलं, त्यात चुका मोजत नाहीत. पंधराच्या पंधरा अंगठे वाचले गेले, सावलीत. प्रत्येकजण आपला अंगठा अजून आपलाच असल्याच्या समाधानात घरी गेला. मला दोन ताटं जेवायला मिळाली.

"मावशी, मालकी तुमच्याकडेच ठेवायची का?" मी विचारलं.

"मॅनेजरले देऊन टाक. त्याले हौस आहे," जनकाबाई म्हणाल्या. बाळ उठलं होतं. "मले आता लेकरू न्हाऊ घालाचं आहे."

दिली. सरांनी दुसऱ्याच दिवशी महाबळेश्वर मंजूर केलं. पण कडीचं सामान तोवर दुकानातून आलं होतं आणि बायांनी ती स्वतः उभं राहून बसवून घेतली. दोन्ही. मधुवंतीनं फोन करून विचारलं, आपला प्रश्न सुटला का? मी हो म्हणालो. ती म्हणाली, आपल्या संस्थापक मॅडम फारच तत्पर आहेत, एका दिवसात एकेचाळीस निर्णय आम्ही कुठल्याच कंपनीत पाहिले नाहीत. मी म्हणालो, आम्हीही. कडूबाच्या भाजीत मीठ आलं. जरा जास्तच, असं तो म्हणतो, पण तक्रार नाही. त्याचे, सुभद्राबाईंचे, मी रेशनचा नसूनही मला दोन वेळा पाणी पाजणाऱ्या त्या गल्लीचे, आणि पावणेदोन तास न रडता झोपून राहिलेल्या त्या बाळाचे मी इथे मनापासून आभार मानतो. आणि ज्यांचे मानायचे त्यांचे तोंडी मानून भागत नाही, म्हणून खालील अर्ज मी रीतसर आवक-जावक नोंदवहीत नोंदवून दिला आहे.

प्रति, मा. अध्यक्ष व संचालक मंडळ (तिन्ही गट), पायथा फळबागायतदार उत्पादक कंपनी, संग्रामपूर.

विषय: शिष्टीमची मालकी श्रीमती जनकाबाई यांना परत मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, श्रीमती जनकाबाई या दिनांक एकपासून कामावर रुजू झाल्या असून ऑफिस झाडत आहेत. त्यांना दर गुरुवारी दुपारी अडीच ते चार दहा या वेळेत संस्थापक व सर्वाधिकारी म्हणून काम पाहू द्यावे, त्या वेळेत झाडण्याचे काम मॅनेजर यांनी पाहावे. माझी वाढीव मुदत जूनमध्ये संपत आहे. मला कायम करण्याचा अधिकार फक्त श्रीमती जनकाबाई यांचाच राहील, अन्य कोणी मंजुरी दिल्यास ती मजवर बंधनकारक असू नये, ही नम्र विनंती. योग्य तो निर्णय होऊन आदेश व्हावेत.

आपला विश्वासू,
प्रज्वल
सिस्टीम इनचार्ज (मुदतवाढीवर)